दुसऱ्या प्रवेशातली खुर्ची

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई म्हणायची. ती काही चुकीचं म्हणत नव्हती. तीस वर्षं शाळेत पोरांवर आणि वीस वर्षं हौशी नाटकांत नटांवर ओरडून माझा आवाज असा झालाय की पाहुण्यांना 'चहा घेता का' विचारलं तरी त्यांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं ते या तोंडापायी घडलं, आणि त्यात भरडला गेला तो दुसराच माणूस.

मी नांदेडात राहते, पण आमचं गाव नायगावकडचं. गावात आमच्या घराला अजून 'मालकाचं घर' म्हणतात. वाटण्या होऊन जमीन चौघांत गेली, अर्धी पडीक पडली, तरी नाव गेलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढे गेलेत. ते सकाळी ओसरीवर येऊन सागवानी खुर्चीत बसतात. पूर्वी समोरून जाणारा माणूस सायकलवरून खाली उतरायचा. आता मोटारसायकली आल्या. पोरं उतरत नाहीत, पण घरासमोर आली की वेग कमी करतात. आबांनी कधी कुणाला 'उतर' म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची वेळच आली नाही.

तीन वर्षांपूर्वी लातूरला एका शाळेच्या कार्यक्रमात मी पाहुणी म्हणून गेले होते. तिथं पन्नाशीच्या आसपासचा एक माणूस स्टेजवर आला आणि त्यानं एकट्यानं अख्खा अडतबाजार उभा केला. सौदा करणारे, पोती उचलणारे, कोपऱ्यात बिडी ओढत बसलेला शेतकरी, सगळं त्या एका देहात. हा माणूस खरोखरच बाजारात मापाडी होता. मापाडी म्हणजे धान्याचं वजन करणारा, कट्टे म्हणजे पोती मोठ्यानं मोजणारा. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्याला 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. तो 'लाभ' त्या माणसानं असा काही म्हटला की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प झाली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काय हो, कुठं शिकलात हे?"

ते म्हणाले, "आक्का, वळखलं न्हाई मला?"

नाही ओळखलं. ते आमच्याच गावचे निघाले, मातंग वस्तीतले. त्यांचे वडील आमच्याकडे सालगडी होते, वर्षाच्या बोलीवर शेतातलं आणि घरातलं पडेल ते काम करणारे. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात दाराबाहेर उभं राहून ते हलगी वाजवायचे. माझ्याही लग्नात वाजवली होती. मला त्यांच्या वडिलांचं नाव चटकन आठवलं, आडनाव काही आठवेना. मग लक्षात आलं की आमच्या घरात ते कधी कुणी घेतलंच नव्हतं. तिथल्या तिथं मला स्वतःची लाज वाटली. आणि मला लाज वाटली की मी जास्त बोलते. त्या बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "आपण दोघं मिळून नाटक करू."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "मिळून म्हंजी कसं? तुमी लिवणार, आमी वाजवणार?"

"दोघांनी लिहायचं. दोघांनी करायचं."

"बगा हां," ते म्हणाले.

मी त्यांना भाऊ म्हणायला लागले. ते वयानं माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, पण मला आक्काच म्हणायचे, लहानपणापासूनची सवय. रविवारी बाजार बंद असायचा. ते सकाळच्या बसनं लातूरहून नांदेडला यायचे, माझ्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बसायचो आणि दुपारच्या बसनं ते परत जायचे. नाटकात दोनच पात्रं ठेवली, एक मालक आणि एक सालगड्याची बायको. ती मालकाच्या ओसरीवर येते आणि सांगते, नवरा दिला तुम्हाला, पोरगा साली ठेवणार नाही. एवढंच नाटक. मालक ते करणार होते आणि ती बाई मी.

लिहिण्याची युक्ती माझी. जो ज्या घरचा नाही, त्यानं त्या घरचं बोलणं लिहायचं. मालकाचे संवाद त्यांनी, बाईचे मी. या कल्पनेवर मी इतकी खूश होते की आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटले. पहिल्या वाचनात दोघांचंही खोटं निघालं.

"आक्का, तुमची बाई लई रडून राहिली," ते म्हणाले. "माझी माय तुमच्या ओसरीखाली कधी रडली न्हाई. रडणाऱ्याला न्हाई म्हणायला सोपं जातं, म्हणायची."

मला राग आला. माझ्या लिहिण्याला कुणी नाव ठेवलं की येतोच. म्हटलं, "आणि तुमचा मालक पानापानावर शिव्या देतो. आमचे आबा कधी शिवी देत नाहीत. ते आवाज खाली आणतात. जितका खाली आणतात तितकं समोरच्याला पळावंसं वाटतं."

"ते मला काय सांगता," ते म्हणाले. "मला ठावं हाय. पण लिवताना वाटलं, शिव्या देणारा मालक बरा. बघणाऱ्याला लगेच कळतो."

मग आम्ही दोघांनी आपापलं खोडलं. मी त्यांना आबांचा तो खालचा आवाज करून दाखवला. ओठ फारसे हलवायचे नाहीत, दोनच शब्द बोलायचे आणि बोलून झाल्यावर समोरच्याकडं बघायचंसुद्धा नाही. ते पुन्हापुन्हा करून घ्यायचे, मापाड्याच्या कानानं, जरा कमी-जास्त झालं की थांबायचे. त्यांनी मला बसायला शिकवलं. मी मांडी घालून बसले तर म्हणाले, "मांडी घातली म्हंजी जेवायला आलात. माय उकिडवी बसायची. उठ म्हणलं की उठता यावं." उकिडवं बसून अख्खा प्रवेश करायचा म्हणजे माझ्या गुडघ्यांचं वाटोळं, पण बसले. आमचं चांगलं जमलं होतं. इतकं चांगलं की मी त्यात माती कालवली.

शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते झकास बसायचे, अगदी मालक. मलाच ती खुर्ची खुपायला लागली. म्हटलं, मालकाची खुर्ची मालकाची पाहिजे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासारखीकडं बघूनच कुणीतरी केली असेल. मी गावी गेले आणि आबांना म्हटलं, "तुमची खुर्ची द्या दोन महिने. नाटकाला पाहिजे."

"ने," आबा म्हणाले. तिच्यात कोण बसणार हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आयुष्यभर फटकळ म्हणून मिरवले आणि तिथं नेमकी माझी दातखीळ बसली.

पुढच्या रविवारी भाऊ हॉलमध्ये आले. खुर्ची मधोमध ठेवलेली. ते दारातच थांबले. मग तिच्याभोवती एक फेरी मारली, खांद्यावरच्या उपरण्यानं हात पुसला आणि टेकले, खुर्चीच्या कडेवर. बसल्यासारखं केलं म्हणा. संवाद सुरू झाला, आवाज बरोबर खाली आला, पण पाठ खुर्चीला लागेना.

"भाऊ, टेकून बसा."

"बसलो की."

"टेकून."

त्यांनी पाठ लावली आणि पुढच्या वाक्याला ते परत कडेवर आले. असे तीन रविवार गेले. मी ओरडले, समजावलं, मागं उशी ठेवली, परत ओरडले. मालक कडेवर बसला तर नाटकच उरत नव्हतं. कडेवर बसलेल्या माणसाला घाबरून कुणी उकिडवं बसत नाही. आम्ही नाव दिलेली नाट्यस्पर्धा महिन्यावर आली होती. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला काय होतंय ते तरी सांगा."

ते खाली फरशीवर बसले आणि त्यांनी खुर्चीच्या पायावर हात ठेवला. म्हणाले, "दर दिवाळीला माझा बाप हिला तेलपाणी करायचा. मी संग असायचो. हलू नये म्हून पाय धरायचं काम माझं. हिचे चारी पाय मला पाठ हायेत, आक्का. वरचं कधी बघितलं न्हाई."

मी म्हटलं, "प्लास्टिकची आणते परत."

"न्हाई," ते म्हणाले. "आता हीच."

मग त्यांनी मुलीचं सांगितलं. त्यांची मुलगी नांदेडातच वकिली शिकत होती, होस्टेलला राहून. तिला आमचं हे नाटक पटत नव्हतं. "ती म्हणती, बाबा, तुमी त्यांच्या नाटकात खुर्चीवर बसणार, लोक टाळ्या वाजवणार, त्या बाईचं मन हलकं होणार. तुमचं काय होणार? मी म्हणलं, ये आन बघ. तुझा बाप त्या खुर्चीत कसा बसतो ते बघ. ती येणार हाय."

त्या दिवसापासून मला स्पर्धेचं काही उरलं नाही. एका मुलीला तिचा बाप त्या खुर्चीत पाठ टेकून बसलेला दिसला पाहिजे, बाकी नंबर येवो न येवो. मी ओरडायचं बंद केलं. शेवटून दुसऱ्या रविवारी बोलता बोलता त्यांची पाठ टेकली आणि टेकलेलीच राहिली. ते त्यांनाही कळलं.

प्रयोगाला पाच दिवस असताना माझ्या सख्ख्या भावाचा गावाहून फोन आला. "आबांच्या खुर्चीत कुणाला बसवून राहिलीस?"

"नटाला."

"कोण नट? मला कळलंय कोण ते. आबाला सांगू?"

"सांग," मी ओरडले. "जा, आत्ताच्या आत्ता सांग. मी कुणाला भीत नाही." फोन आपटून ठेवला. भाऊंना हे सांगायला हवं होतं. आधीच त्यांची पाठ कशीबशी टेकली होती, म्हणून सांगितलं नाही. म्हणजे आबांपासून एक लपवलं होतं आणि भाऊंपासून दुसरं.

प्रयोग दुपारचा होता. नांदेडातलं थिएटर, निम्मं भरलेलं, पुढे परीक्षक. पडद्याच्या फटीतून भाऊंनी मला मुलगी दाखवली. तिसऱ्या रांगेत कडेची, मांडीवर बॅग घेऊन बसलेली. पहिला प्रवेश चांगला गेला. दुसऱ्या प्रवेशाचा पडदा उघडला तेव्हा मी खाली उकिडवी होते आणि भाऊ आले. डोक्याला पटका, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. येऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पाठ टेकली. मी खालून बघत होते. बरं वाटलं, म्हणजे अगदी पोटातून बरं वाटलं.

दोन-चार वाक्यं झाली असतील. मागचं दार उघडलं, उजेडाची एक पट्टी आत आली. मग काठीचा आवाज. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. दारावरच्या माणसानं वाट दाखवायला बॅटरी लावली आणि त्या उजेडात आबा दिसले. पांढरा पटका, पांढरं धोतर, मागं माझा सख्खा भाऊ. आबा मधल्या वाटेनं अर्ध्यापर्यंत आले आणि थांबले. जागा करून दिल्याशिवाय ते कुठंच बसत नाहीत. ते तिथं उभे राहिले आणि त्यांनी स्टेजकडं बघितलं.

भाऊ उठले.

ते ठरवून उठले नाहीत, हे मी खालून बघत होते म्हणून सांगते. चेहरा मालकाचाच होता, तोंडात वाक्य अर्धं होतं, आणि अंग उठलं. पाय वहाणांतून बाहेर आले. दोन्ही वहाणा खुर्चीसमोर तशाच राहिल्या आणि ते अनवाणी, बाजूला सरकून, हात पुढे बांधून उभे राहिले. आमच्या ओसरीखाली त्यांचे वडील उभे राहायचे तसे.

मला वाटलं, आबा बसले की हे बसतील. आबा बसेनात. खुर्ची रिकामी आणि हा माणूस तिच्याशेजारी उभा. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आपण उभे आहोत हे त्यांना आता कळलं होतं, मुलगी बघतेय हेही कळलं होतं, आणि तरी त्यांना खाली बसता येत नव्हतं. नाटक बुडालं, हा माणूस बुडाला, असं डोक्यात नुसतं घुमत होतं. आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही.

"बस खाली," मी म्हणाले.

ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी हळू म्हटलं. ओठ न हलवता, दोनच शब्द, आबांच्या आवाजात.

भाऊंनी चटकन वहाणांत पाय घातले आणि बसले. कडेवर. तिथून पुढे त्यांनी एकही वाक्य चुकवलं नाही. मी कधी बघितला नव्हता इतका चांगला मालक त्यांनी त्या दिवशी केला. टाळ्या पडल्या. दिवे लागले तेव्हा तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मोकळी होती.

मी तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत भाऊ बस धरायला निघून गेले होते. पटका नीट घडी घालून ठेवलेला. सख्ख्या भावानं मला घरापर्यंत गाडीतून सोडलं. आबा पुढे बसले होते. वाटेत म्हणाले, "बापाचं वळण हाय पोरात. चांगलं हाय." एरवी मी वाऱ्याला उलटून बोलते. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसले.

निकाल लागला आणि आम्ही लातूरच्या पुढच्या फेरीसाठी निवडले गेलो. एका परीक्षकांनी जाहीर कौतुक केलं. मालक अचानक उठतो आणि मजूर बाई त्याला दोन शब्दांत खाली बसवते, तो क्षण म्हणे विलक्षण होता. ग्रुपवर फुलं, हात जोडलेले, अभिनंदनाची रांग. मी भाऊंना फोन लावला. उचलला नाही. नऊ दिवस लावत होते, नऊ दिवस उचलला नाही. शेवटी रजा टाकली आणि लातूरला गेले.

सोयाबीनचे दिवस होते. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, धुळीनं घसा धरला. भाऊ काट्यापाशी उभे होते. "लाभ, दोन, तीन," कट्टे पुढे सरकत होते. त्यांनी मला बघितलं आणि मोजत राहिले. भोवती माणसं कट्ट्यांवर टेकली होती. मला कुणी बस म्हटलं नाही, त्यांनीही नाही. मी एकदा मध्ये बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. मोजणीत बोलायचं नसतं. तो ढीग संपेपर्यंत मी उभी राहिले, पाऊण तास असेल.

मग ते आले, तोंडावरची धूळ पुसत.

"भाऊ, चुकलं माझं," मी म्हटलं. "नाटक वाचवायला म्हणाले."

"हाव. नाटक वाचलं."

त्यांनी हाताची धूळ झटकली.

"आक्का, तुमच्या आबाला बघून मी उठलो ते माझं. पन्नास वर्षांची हाडं हायेत, उठली. ते पोरीला सांगितलं असतं. रागावली असती, पण समजली असती. पण तुमी बस म्हणलात आन् मी बसलो. ते तिला कसं सांगू?"

"तो आबांचा आवाज होता, माझा नव्हता," मी म्हटलं, आणि म्हणतानाच ते किती फुसकं आहे हे मला ऐकू आलं.

"दोन महिने तो आवाज मला कोण शिकवून राहिलं होतं?" ते म्हणाले. "तुमच्यापाशी नसता तर शिकवता आला असता?"

मला रडू आलं, पण त्यांच्या आईचं आठवून आवरलं. आमच्या ओसरीखाली ती रडली नाही आणि तिच्या पोरापुढं मी कशी रडणार. विचारलं, "मग लातूरचा प्रयोग रद्द करायचा?"

"न्हाई. करायचा." त्यांनी सगळं आधीच ठरवलं होतं. "मी उठणार. मुद्दाम उठणार, त्याच जागी. वहाणा पायात ठेवून. आन् माझ्या मनात येईल तवा बसणार. तवर तुमी बोलायचं न्हाई. खोकायचंबी न्हाई. बस म्हणलात तर मी खाली उतरून चालता होईन, परदा पडो का न पडो. पोरगी येणार हाय. तिला म्हणलं, एकदा अजून बघ."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"बगा हां," ते म्हणाले. पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी आबांना फोन केला आणि पहिल्यांदाच सरळ सांगितलं. भाऊंच्या वडिलांच्या नावाला आडनाव लावून सांगितलं, की उद्या तुमच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसणार आहे आणि उद्याच नाही, दोन महिने झाले बसतोय. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती खुर्ची आता घरी आणू नको." त्यांनी फोन ठेवला. मी नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत उभी होते.

लातूरचं थिएटर गच्च भरलं होतं, बाजारातले लोक आले होते. मुलगी या वेळी पहिल्याच रांगेत होती. दुसरा प्रवेश सुरू झाला. भाऊ आले, बसले, पाठ टेकली. त्याच वाक्यापाशी त्यांचं अंग उठलं. मागचं दार बंद होतं, मधली वाट रिकामी होती, कुणी आलं नव्हतं. वहाणा पायात होत्या. ते उभे राहिले, हात मोकळे सोडले आणि माझ्याकडं बघायला लागले.

मला वाटलं होतं, तीन-चार श्वास थांबतील. ते थांबलेच. प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं, खुर्च्या कुरकुरल्या. माझे गुडघे पेटले होते. विंगेतून आमचा प्रॉम्प्टर घाबरून त्यांचं पुढचं वाक्य देत होता, एकदा, परत एकदा. त्यांचे डोळे माझ्यावरच. मी जीभ टाळूला लावून ठेवली. म्हटलं, बाई, एवढं एक कर. आयुष्यात एवढं एकदाच गप्प बस. पण आतून ते येतच होतं, घशापर्यंत येत होतं. थिएटर कंटाळेल, लोक हसतील, ह्या माणसाचं हसं होईल, आपण काहीतरी केलं पाहिजे. आपणच केलं पाहिजे. हा माणूस आपल्याशिवाय बसणार नाही.

आणि ते बसले. सावकाश, खुर्चीच्या हातांवर हात ठेवून. पाठ मागे गेली, सागवान करकरलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. मग खालच्या आवाजात पुढचं वाक्य. पहिल्या रांगेत मुलगी पुढे झुकून बसली होती. पडदा पडेपर्यंत ती हलली नाही.

नंतर विंगेत भाऊ पटका सोडत होते. मुलगी आत आली होती, त्यांच्या शेजारी उभी राहून ती पटक्याचं दुसरं टोक धरून घडी घालत होती. मला बघून तिनं मान हलवली, तेवढंच. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, किती वेळ उभे राहिलात? मला तर वाटलं, बसतच नाहीत आता."

"मोजून राहिलो होतो," ते म्हणाले. "लाभापासून. पन्नासला बसायचं ठरवलं होतं."

"मग पन्नास झाले?"

"कुठं. बाविसाला बसलो."

"का?"

ते हसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाविसाला आक्काचं तोंड उघडलं. बोलल्या असत्या तर मला उतरून जावं लागलं असतं. चांगलं चाललं होतं नाटक. म्हून बसलो."

मुलीनं घडी घालायची थांबवली आणि माझ्याकडं बघितलं.

मी बोलणार नव्हते, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटलं.